काडतुसाच्या काठावरची ठिणगी

साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ साली सुरू झाली. ही देशातली पहिली सैनिकी शाळा. अशा शाळांत, तसेच सांगली-मिरजेसारख्या गावांतल्या महाविद्यालयांत, एन.सी.सी.चे छात्र पहिली गोळी झाडतात ती बहुधा 'पॉइंट टू-टू' रायफलीतून. कधीतरी खटका ओढला तरी नुसता 'खट्' आवाज येतो, गोळी सुटत नाही. गोळी फुसकी निघाली, नशीब, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. खटका आणि दारू यांच्यामधली ठिणगी भरवशाची कशी करायची, या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. रसायनशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनाही तो उपयोगी पडेल.

उघडी रंजक

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती नळीत ठासणे सोपे. नळीबाहेरून तिला आग पोचवणे अवघड. तोड्याच्या बंदुकीत नळीच्या बाजूला छोटी वाटी असे. तीत रंजक, म्हणजे बारीक दारू, घालत. जळता तोडा तिच्यावर टेकला की ज्वाळा छिद्रातून नळीत शिरे. रंजक उघड्यावर असल्यामुळे वारा आला की उडे आणि पाऊस आला की भिजे. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखात ही बंदूक आषाढात किती कामाची, याची कल्पना करता येईल. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघत. नद्यांचे पूर, चिखल, वैरण, शेतीची कामे ही त्याची मुख्य कारणे. ओल्या दारूची अडचण त्यांच्या जोडीला होतीच.

घाव बसताच पेट

यातून सुटका केली रसायनशास्त्राने. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याचे फल्मिनेट कसे बनवायचे ते प्रसिद्ध केले. या पदार्थाला ज्योत लागत नाही, नुसता घाव पुरतो. अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटलंडचा धर्मोपदेशक पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकाचा भपका दिसला की गोळी पोचण्याआधीच पक्षी उडून जात. घावाने पेटणारे मिश्रण वापरून त्याने यावर उपाय शोधला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे हे मिश्रण तांब्याच्या लहानशा टोपीत भरू लागले. कोकणातली ठासणीची बंदूक पाहिली असेल, तर ही 'टोपी' आपल्या ओळखीची असेल.

ठिणगी आता झाकली गेली, पण दारू आणि गोळी अजून कागदी पुडीतच होती. एनफिल्ड रायफलीची ती पुडी दातांनी फाडावी लागे आणि तिच्या चरबीवरूनच १८५७ चा भडका उडाला. त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर उठावाच्या कटासाठी सतरा जणांना देहदंड दिला गेला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी असे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, की त्याच्या काडतुसात टोपी, दारू आणि गोळी एकाच धातूच्या नळकांड्यात बसवलेली होती. पुडी फाडण्याचा प्रश्नच उरला नाही. याची मूळ कल्पना फ्रान्सच्या फ्लोबेरची, १८४५ च्या सुमाराची. आज छात्रांच्या हाती येणारे '.२२ लाँग रायफल' काडतूस त्याच घराण्यातले, १८८७ चे.

काठाचे गुण आणि दोष

या काडतुसाच्या बुडाला पोकळ काठ असतो. कारखान्यात ओले पेटते मिश्रण नळकांड्यात घालून ते गरगर फिरवतात, म्हणजे मिश्रण बाहेर फेकले जाऊन काठाच्या पोकळीत बसते. रायफलीची टाचणी हा काठ चेंबरच्या कडेवर चेपते आणि मिश्रण पेटते. काठ चेपला जावा म्हणून पत्रा पातळच ठेवावा लागतो. त्यामुळे हे काडतूस फार दाब सोसत नाही. म्हणून लष्करांनी बुडाच्या मध्यभागी टोपी असलेली काडतुसे स्वीकारली. स्वस्त आणि कमी धक्क्याचे 'रिमफायर' उरले ते सरावासाठी आणि स्पर्धेसाठी.

फुसक्या गोळीची कारणे आता उलगडतात. काठात एखाद्या जागी मिश्रण नसेल आणि टाचणी नेमकी तिथेच बसली, तर पेट घेणार नाही. टाचणीची स्प्रिंग थकली असेल, तेल घट्ट झाले असेल किंवा चेंबरच्या तोंडाशी मेण, शिसे आणि काजळी साचून काडतूस पुरते बसले नसेल, तर घाव हलका पडेल. काही जुन्या रचनांत रिकाम्या रायफलीचा खटका वारंवार ओढला, तर टाचणी चेंबरची कडच ठेचते. कधी ठिणगी उशिरा पेटते. म्हणून गोळी न सुटल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचे आणि मग अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बोल्ट उघडायचा. हा नियम मुलांना कारणासह सांगावा.

गंजाचीही एक गोष्ट आहे. जुन्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड हे मीठ नळीत उरे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तसेच इथे होई आणि नळी गंजे. १९२० च्या दशकात शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारलेली, न गंजवणारी मिश्रणे आली. रिमफायरच्या नळीचे आयुष्य त्यामुळे खूप वाढले.

पेटणे पुरेसे नाही

सांगलीला लागून असलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. गुण होते ६०० पैकी ५९७. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. दोन्ही प्रकार याच .२२ काडतुसाचे. या पातळीवर प्रत्येक गोळी सुटायला तर हवीच, शिवाय ती आधीच्या गोळीसारखीच सुटायला हवी.

थोडे गणित करू. हवेचा विरोध सोडून दिला, तर सेकंदाला ३३० मीटर वेगाची गोळी ५० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे ११.२ सेंटिमीटर खाली येते. वेग ३२० असेल, तर सुमारे १२ सेंटिमीटर. फरक ७ मिलिमीटरचा. लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि ७ मिलिमीटर हुकले की पाऊण गुणाहून अधिक जातो. पॅरिसला सुवर्ण आणि रौप्य यांत ४५ गोळ्यांनंतर फक्त २.३ गुणांचे अंतर होते.

म्हणूनच नेमबाज एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात, ज्या खेपेचा पुंजका सर्वांत लहान तीच निवडतात, दस्त्याचे स्क्रू दर वेळी सारखेच आवळतात आणि नळी ठराविक गोळ्यांनंतरच साफ करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम नोंदवायचा, ही प्रयोगशाळेतलीच शिस्त आहे.

अकरावीच्या वर्गात हेच उदाहरण ३१० मीटर वेगासाठी सोडवायला द्यावे. ३३० च्या तुलनेत गोळी सुमारे दीड सेंटिमीटर खाली लागेल, हे मुलांना स्वतः काढता येईल. मग छात्रांच्या सरावाचे जुने कागद फळ्यावर लावून विचारावे: यातला कोणता पुंजका लहान पण मध्यापासून दूर आहे, आणि कोणता मध्याभोवती पण विखुरलेला? पहिल्याला साइट सरकवून दुरुस्त करता येते. दुसऱ्याचे कारण रायफलीत, काडतुसात की नेमबाजात आहे, ते एकेक करून शोधावे लागते.