दोऱ्याने सापडलेला प्रवाह

मिलानमधला शल्यविशारद गास्पारे असेल्ली २३ जुलै १६२२ रोजी एका जिवंत कुत्र्याचे विच्छेदन करत होता (त्या काळी याचे कुणाला काही वाटत नसे). त्याला पाहायचे होते मज्जातंतू. पण आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर त्याला पांढऱ्या रेषांचे जाळे दिसले आणि एक रेष छेदताच दुधासारखा द्रव बाहेर आला. कुत्रा नुकताच भरपेट जेवलेला होता. उपाशी कुत्र्यात तसे काही दिसेना. लसीकेचा (लिम्फचा) इतिहास बहुधा इथून सांगतात, पण असेल्लीने वाहिन्या पाहिल्या तरी त्यांतला प्रवाह मात्र गृहीत धरला. अन्नाचे रक्त यकृतात होते, हे प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचे मत जवळजवळ दीड हजार वर्षे पक्के होते, म्हणून या दुधाळ वाहिन्याही त्याने यकृतापाशी नेऊन सोडल्या. त्याच्या मृत्यूनंतर, १६२७ मध्ये, निघालेल्या पुस्तकातल्या रंगीत चित्रांत ही चूक मोठी देखणी दिसते. लसीकेचा खरा शोध लागला तो वाहिनीला दोरा बांधून, ती कोणत्या बाजूला फुगते हे पाहिल्यावर.

ही युक्ती रक्ताभिसरणाच्या अभ्यासातून आली. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वेने १६२८ च्या ग्रंथात दंडाला पट्टी बांधून शिरांतल्या रक्ताची दिशा दाखवली होती. १६५१ मध्ये झां पेके या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दाखवले की आतड्यांतला दुधाळ रस यकृतात जातच नाही. तो पाठीच्या कण्यालगत वर चढतो आणि मानेच्या तळाशी शिरांत मिसळतो. पाठोपाठ उप्सालाचा ओलोफ रुडबेक, अवघ्या विशीतला, आणि कोपनहेगनचा थॉमस बार्थोलिन यांनी यकृतालगतच्या, पाण्यासारखा नितळ द्रव असलेल्या वाहिन्या बांधून पाहिल्या. फुगवटा आला यकृताच्या बाजूला! द्रव यकृतात शिरत नव्हता, तिथून बाहेर पडत होता. १६५३ मध्ये दोघांनीही आपले शोध छापले आणि श्रेयासाठी जुंपली. रक्त घडवण्याचा मान गेलेल्या यकृताचा मृत्युलेखही बार्थोलिनने लिहून टाकला.

यावर कुणी म्हणेल, नितळ, बारीक वाहिन्या आधी दिसणारच कशा? पण दुधाने भरलेल्या वाहिन्या प्राचीन अलेक्झांड्रियात करडांच्या पोटातही दिसल्या होत्या. गेलननेच तशी नोंद केली आहे. डोळा कमी पडला नव्हता, कसोटी नव्हती. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बांधून पाहण्याचा धडा देणाऱ्या हार्वेलाच हा नवा मार्ग पटला नाही. याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. कसोटी हाती असूनही निकाल नको असतो, एवढे मात्र त्यावरून दिसते.

हा द्रव येतो कुठून, हे कळायला आणखी दोनशेहून अधिक वर्षे गेली. १८९६ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने मांडले की केशवाहिन्यांतला दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने ते आत ओढतात. बाहेर उरलेले पाणी आणि निसटलेली प्रथिने गोळा करून रक्तात परत पोचवणे हे लसीकेचे काम. वाटेतल्या गाठींत त्या द्रवातले जंतू अडवले जातात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते ते म्हणूनच. विदर्भाला परिचित असलेला हत्तीपाय हा तर रुडबेकच्या प्रयोगाचा क्रूर जोडीदार. डासांमार्फत शिरलेले कृमी लसीकावाहिन्यांत ठाण मांडून त्या निकामी करतात आणि परत न गेलेल्या द्रवाने पाय सुजत जातो.

मेंदूच्या आवरणात मात्र दोरा पोचत नव्हता. तिथे लसीकावाहिन्या नाहीतच, असे पाठ्यपुस्तके सांगत राहिली. इटलीच्या पाओलो मास्कान्यीने १७८७ च्या आपल्या ग्रंथात त्या दाखवल्या होत्या, पण ती नोंद मागे पडली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आणि फिनलंडमधल्या दोन गटांनी उंदरांत त्या वाहिन्या चमकणाऱ्या खुणांनी दाखवल्या, तेव्हा कुठे पुस्तके बदलू लागली.