कोलंबोत अडलेले लोकमान्य आणि पासपोर्टचा हक्क

भंडाऱ्याचा एखादा विद्यार्थी आज पासपोर्टसाठी अर्ज भरतो, तेव्हा तो नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, पोलीस पडताळणी असा हा रुक्ष मामला आहे. पण मित्रहो, याच कागदाने एकदा लोकमान्य टिळकांची वाट अडवली होती. आजचा धागा त्याविषयी.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आजच्या अर्थाने पासपोर्टची सक्ती नव्हती. बोटीचे भाडे आणि समाजाचा रोष सोसण्याची तयारी, एवढे असले की माणूस समुद्र ओलांडू शके. पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. भारत संरक्षण कायद्याच्या काळात परवान्याविना देश सोडणे अशक्य झाले.

मार्च १९१८ च्या अखेरीस होमरूल लीगचे शिष्टमंडळ विलायतेला निघाले. टिळकांसोबत न. चिं. केळकर, दादासाहेब करंदीकर, बिपिनचंद्र पाल आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. (वऱ्हाड आणि भंडारा तेव्हा एकाच ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होते.) पासपोर्ट रीतसर मिळाले होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोहोचली आणि तिथे कळले की ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने ते रद्द केले आहेत. ना सुनावणी, ना अपील. सारे परत फिरले.

गंमत पाहा. त्याच वर्षी चिरोलविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळकांना पासपोर्ट मिळाला, मात्र राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. माणूस तोच, वर्ष तेच, समुद्रही तोच. बदलली होती ती सरकारची मर्जी.

१९२० मध्ये पासपोर्टचा कायदा आला. पण तो होता भारतात प्रवेश करण्याविषयी. देशाबाहेर जाण्याचा हक्क कुणाला, पासपोर्ट नाकारायचा तर कोणत्या कारणाने, याविषयी त्यात काही नव्हते. आश्चर्य हे की स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षे हीच स्थिती राहिली. पासपोर्ट देणे न देणे अधिकाऱ्यांच्या विवेकावर होते. साहेब गेले, मर्जी राहिली.

ही गाठ सुटली १० एप्रिल १९६७ रोजी. सतवंतसिंग सॉनी या व्यावसायिकाला पासपोर्ट परत करण्याचा आदेश मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने ठरवले की परदेशप्रवासाचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याच्या आधाराविना तो हिरावता येणार नाही. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश सुब्बा राव दुसऱ्याच दिवशी पदावरून दूर झाले. एका मताचे अंतर आणि एका दिवसाचे! सरकारने मे महिन्यात घाईने अध्यादेश काढला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट अधिनियम अस्तित्वात आला.

दहा वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘सर्वसामान्य जनतेच्या हितार्थ’ जप्त झाला. कारणे सांगण्यास सरकारने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने बजावले की कायदा असणे पुरेसे नाही. त्याची पद्धतही न्याय्य हवी, आणि माणसाला आपली बाजू मांडू दिली पाहिजे.

मुलांचे काय? पूर्वी त्यांची नावे आईवडिलांच्याच पासपोर्टवर नोंदवली जात. आज प्रत्येक बालकाचा स्वतंत्र पासपोर्ट असतो. साधारणपणे पाच वर्षे किंवा अठरावा वाढदिवस, यांपैकी जे आधी येईल तोवर वैध. प्रौढांचा दहा वर्षांचा. हरवला तर पोलिसांत नोंद करून पुनर्वितरणाचा अर्ज करायचा.

आणि नाकारला तर? १९६७ च्या अधिनियमाच्या कलम ५ नुसार अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायची असतात. देशाची सुरक्षा किंवा जनहित यांसारखा अपवाद नसेल, तर अर्जदाराने मागितल्यास त्यांची प्रत द्यावी लागते. कलम ११ नुसार अपिलाचीही सोय आहे. कोलंबोच्या धक्क्यावर टिळकांपाशी यांपैकी काहीच नव्हते.