इवो जिमा (इओतो)

इवो जिमा : पश्चिम पॅसिफिक महासागरातील जपानचे ज्वालामुखीजन्य बेट. स्थान २४° ४७' उ. व १४१° १९' पू. टोकिओच्या दक्षिणेस सु. १,२०० किमी.वर असलेले हे बेट काझान (ज्वालामुखी) द्वीपसमूहात मोडते. प्रशासन टोकिओ महानगरातील ओगासावारा गावाकडे आहे. क्षेत्रफळ जुन्या मोजणीप्रमाणे सु. २१ चौ. किमी.; जमीन सतत उचलली जात असल्याने आज त्याहून बरेच अधिक. स्थायी लोकवस्ती नाही; १९४३ मध्ये १,०१८ होती.

नैर्ऋत्य टोकाला सुरिबाची हा सु. १७० मी. उंचीचा शंकू, मध्ये अरुंद सखल पट्टी व ईशान्येस मोतोयामा पठार, असा बेटाचा आकार आहे. ओढा, नदी नाही, पाणी पावसाचेच. जागोजागी वाफ व गंधकाचा धूर निघतो. जपानी नावाचा अर्थही ‘गंधकाचे बेट’ असाच आहे. जमीन उचलली जाण्याचा वेग जगात क्वचितच आढळावा असा आहे. १९४५ च्या लढाईनंतर बंधारा म्हणून अमेरिकनांनी पश्चिम किनाऱ्यालगत बुडवलेल्या जहाजांचे सांगाडे आता कोरड्या वाळूवर उभे आहेत.

इतिहास : स्पॅनिश खलाशांनी हे बेट १५४३ मध्ये पाहिले. इंग्रज दर्यावर्दी कुकच्या तिसऱ्या सफरीतील जहाजे, कुकच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये येथून गेली. जपानने १८९१ मध्ये ते आपल्या राज्यास जोडले. पुढच्या अर्धशतकात सहा वस्त्या व १९२ कुटुंबे इतका विस्तार झाला. गंधकाच्या खाणी, ऊस, गवती चहा आणि मासेमारी यांवर निर्वाह चाले. तांदूळ मात्र बाहेरून येई. प्राथमिक शाळा होती, देवस्थान होते. टोकिओहून बोट दोन महिन्यांनी एकदा येई. बहुतेक ग्रंथांत हे बेट फक्त रणभूमी म्हणून येते, म्हणून या वस्तीची नोंद येथे मुद्दाम केली आहे. जुलै १९४४ मध्ये रहिवाशांना मुख्य भूमीवर हलविण्यात आले. १०३ पुरुषांना लष्करी कामासाठी ठेवून घेतले. त्यांतील बहुतेक परतले नाहीत.

लढाई (१९ फेब्रुवारी–२६ मार्च १९४५) : दुसऱ्या महायुद्धात मेअरिआना बेटे जिंकल्यावर अमेरिकेची बी-२९ बाँबफेकी विमाने जपानवर जाऊ लागली. इवो जिमा त्या वाटेच्या जवळजवळ मध्यावर. येथील रडार टोकिओला आगाऊ सूचना देई आणि धावपट्ट्यांवरून जपानी विमाने मेअरिआनातील तळांवर येत. याउलट हे बेट हाती आल्यास लढाऊ विमानांना सोबत जाता येईल व नुकसान झालेल्या बाँबफेकी विमानांना उतरण्यास जागा मिळेल, असा अमेरिकेचा हिशेब होता.

जपानी सेनापती तादामिची कुरिबायाशी जून १९४४ मध्ये बेटावर आला. पूर्वी अमेरिकेत राहिल्यामुळे त्या देशाची औद्योगिक ताकद तो ओळखून होता. विजयाची आशा त्याने धरली नाही. शत्रूला प्रत्येक पावलाची जबर किंमत मोजायला लावायची, एवढेच ठरवले. किनाऱ्यावर शत्रूला रोखण्याची व बेभान सामूहिक हल्ल्यांची रूढ पद्धत त्याने बाजूला सारली. सैनिकांनी उकळत्या, गंधकाने कोंदलेल्या जमिनीत आळीपाळीने थोडा थोडा वेळ खणत सु. १८ किमी. भुयारे काढली. याच काळात घरी पाठवलेल्या पत्रात, स्वयंपाकघराच्या फटींतून येणारा वारा बंद करायचा राहून गेला, याची कुरिबायाशीला रुखरुख लागलेली दिसते. रणगाडा पलटणीचा प्रमुख ताकेइची निशी हा १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील अश्वारोहणाचा सुवर्णपदकविजेता होता.

अमेरिकेचे सु. ७०,००० मरीन सैनिक तीन डिव्हिजनांतून उतरवण्यात आले. मरीन अधिकाऱ्यांनी आरमाराकडून दहा दिवसांच्या तोफमाऱ्याची मागणी केली होती. मिळाले तीन दिवस. पहिला तासभर जपानी तोफा जवळजवळ गप्प होत्या. माणसे व वाहने काळ्या राखेत रुतून किनाऱ्यावर दाटी झाली, तेव्हा मारा सुरू झाला. राखेत खणलेला खड्डा लगेच ढासळे. नाव्हाहो जमातीच्या संदेशवाहकांनी आपल्या बोलीवर आधारलेल्या सांकेतिक भाषेत पहिल्या दोन दिवसांत ८०० हून अधिक संदेश बिनचूक पोहोचवले.

सुरिबाची २३ फेब्रुवारीला पडली. त्या दिवशी माथ्यावर दोन ध्वज लागले. आधी लहान, मग त्याच्या जागी मोठा. छायाचित्रकार जो रोझेंथालचे पुलित्झर पारितोषिकप्राप्त छायाचित्र दुसऱ्या ध्वजाचे आहे. त्यातील ध्वज उभारणाऱ्या सहांपैकी मायकेल स्ट्रँक, हार्लन ब्लॉक व फ्रँकलिन सौसली लढाईतच पडले. उरलेल्यांत आयरा हेझ होता. जॉन ब्रॅडली व रेने गॅन्यन ही नावे २०१६ व २०१९ मध्ये वगळून तेथे हॅरल्ड शुल्ट्झ व हॅरल्ड केलर यांची नावे घातली गेली. म्हणून जुन्या ग्रंथांतील यादी आता चुकीची ठरते. हे चित्र विजयाचे समजले जाते, पण त्यानंतर लढाई महिनाभर चालली आणि बहुतेक रक्त उत्तरेच्या पठारावर सांडले. टेकडी क्र. ३८२ च्या परिसराला मरीनांनीच ‘खिमायंत्र’ म्हटले. बेट १६ मार्चला जिंकल्याचे जाहीर झाले. २६ मार्चच्या पहाटे सु. ३०० जपान्यांनी विमानतळाजवळच्या छावणीवर शेवटचा हल्ला केला. कुरिबायाशीचे शव ओळखता आले नाही.

अमेरिकेचे ६,८२१ मृत व १९,००० हून अधिक जखमी. सु. २१,००० जपानी सैन्यापैकी लढाई चालू असताना २१६ कैद झाले. मागाहून शरण आलेले धरून आकडा हजाराच्या आसपास जातो. शेवटचे दोघे जानेवारी १९४९ मध्ये बाहेर आले. बी-२९ विमाने येथे २,२५१ वेळा उतरली. त्यांतील बऱ्याच वेळा ती केवळ इंधनासाठी उतरली, हे लक्षात घेता ‘इतके वैमानिक वाचले’ हे बेट घेण्याचे जुने समर्थन जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

युद्धोत्तर काळ : अमेरिकेने बेट १९६८ मध्ये जपानला परत केले, परंतु रहिवाशांना परतता आले नाही; ज्वालामुखीच्या धोक्यामुळे वस्ती शक्य नाही, असा निर्णय १९८४ मध्ये झाला. दहा हजारांहून अधिक जपानी सैनिकांचे अवशेष अद्याप सापडलेले नाहीत. सम्राट अकिहितो यांनी १९९४ मध्ये बेटाला भेट दिली. ‘इवो जिमा’ हा उच्चार युद्धकाळात रूढ झाला. जुन्या रहिवाशांच्या मागणीवरून जून २००७ पासून ‘इओतो’ हे मूळ नाव अधिकृत आहे. पूर्वीचे रहिवासी व त्यांचे वंशज पूर्वजांच्या थडग्यांच्या दर्शनासाठी परवानगीने येतात.

आर्थिक : उत्पादन नाही. जपानी स्वसंरक्षण दलाचा हवाई तळ आहे; अमेरिकी आरमाराची विमाने उतरण्याचा सराव येथे करतात.