तंजावरचे पीक, मद्रासची वरात

तंजावरच्या उत्तरेस कावेरीच्या तीरावर तिरुवैयारु हे गाव वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. त्यागराजांच्या समाधीमुळे संगीतप्रेमी श्रोत्यांना हे नाव परिचित आहेच. परंतु आज सांगावयाचे आहे ते या पंचनदांच्या प्रदेशातील भातपिकाविषयी. एके काळी तंजावर राज्यातील पीक शेतात उभे असतानाच मद्रासच्या एका सावकाराने त्यावर हक्क सांगितला, आणि त्यातील मोठे कर्ज तर तंजावरच्या राजाने कधी काढलेलेच नव्हते.

१७७३ साली अर्काटचा नवाब महंमद अली याने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले. व्यंकोजीराजांचे वंशज तुळजाजीराजे कैदेत पडले. नवाब कर्जात बुडालेला होता, आणि त्याचे धनको बहुतांशी कंपनीचेच नोकर होते. रोख रक्कम नसली की नवाब त्यांना मुलखाच्या वसुलावर वराती काढून देई. अमुक भागाचा वसूल परस्पर घ्यावा, असा हा लेखी हुकूम असे. तंजावर हाती येताच त्याच्या वसुलावरही अशा वराती निघाल्या.

लंडनच्या संचालकांना हे प्रकरण मानवले नाही. राज्य तुळजाजींना परत द्यावे, असा हुकूम त्यांनी १७७५ साली काढला आणि एप्रिल १७७६ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी तो अमलात आणला. मात्र राजांना कंपनीची पलटण ठेवून घ्यावी लागली आणि तिच्या खर्चापोटी दरसाल ४ लक्ष पगोडा देण्याचे कबूल करावे लागले.

तोच पॉल बेनफील्ड पुढे आला. हा कंपनीचा अल्प पगाराचा नोकर. नवाबास दिलेल्या कर्जापोटी तंजावरच्या वसुलावर १,६२,००० पौंड, आणि तेथील लोकांस दिलेल्या कर्जापोटी उभ्या पिकावर ७२,००० पौंड, एवढे आपले येणे आहे, असे त्याने सांगितले. कागदपत्रे मागितली तेव्हा पुरावा म्हणून दाखविण्याजोगे त्याच्यापाशी काही नव्हते. नवाब कबूल करील, एवढेच त्याचे म्हणणे! मंडळाने प्रथम मागणी फेटाळली. पुढे बहुमताने तोच निर्णय फिरविला. मंडळातील अनेकांचे हितसंबंध नवाबाच्या कर्जात गुंतलेले होते. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडावयाचे, तोच धनकोंच्या पंगतीत बसलेला. मग ऋणकोने, आणि ऋणकोही नसलेल्या कुळाने, दाद मागावी ती कोणाकडे?

पिगट यांनी दोन सभासदांना निलंबित करून विरोध मोडू पाहिला. त्यावर ऑगस्ट १७७६ मध्ये त्यांच्याच मंडळाने त्यांना कैद केले, आणि मे १७७७ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. पुढे इंग्लंडात चार सभासदांवर खटला चालला. गुन्हा शाबीत झाला आणि १७८० साली प्रत्येकास १,००० पौंड दंड झाला. ज्या मागणीवरून एवढे घडले, तिच्या आकड्याशी हा दंड ताडून पाहावा.

याचा शेवट पाहण्याजोगा आहे. नवाबाच्या कर्जांची चौकशी व्हावी, असे १७८४ च्या कायद्यात होते. तरीही हेन्री डंडास यांच्या नियंत्रण मंडळाने ती कर्जे न तपासताच फेडावयाचे ठरविले. २८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्क यांनी पार्लमेंटात त्यावर कडाडून हल्ला चढविला, पण निर्णय बदलला नाही. पुढे कर्नाटकाच्या नव्या मागण्यांसाठी १८०५ साली आयोग नेमण्यात आला. त्याच्यापुढे ३ कोटी पौंडांहून अधिक रकमेचे दावे आले. एकेक कागद तपासला गेला, तेव्हा त्यातील दहावा हिस्साही खरा ठरला नाही.

जुनी कर्जे तपासली असती तर त्यातील किती टिकली असती, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. ती फेडली गेली ती नवाबाच्या मुलखाच्या वसुलातून, म्हणजे रयतेच्या घामातून. भारतात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. कर्ज देणाऱ्या संस्थेने दाद दिली नाही, तर तिच्याबाहेरच्या आयोगापुढे आज साधा कर्जदारही उभा राहू शकतो आणि हिशेब मागू शकतो. कावेरीकाठच्या कुळाला नेमके हेच बाहेरचे दार मिळाले नव्हते.