सुकी मासळी : महाड बंदर ते मालदीव बेटे

कोकणच्या इतिहासात किल्ल्यांना व लढायांना मोठे स्थान मिळाले. सुक्या मासळीची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. वास्तविक आपल्या महाड-पोलादपूरच्या जुन्या व्यापारात तिचा वाटा होता. भरतीच्या पाण्यावर मचवे बाणकोटच्या खाडीतून दासगावमार्गे महाडला येत. त्यांतून मीठ व सुकी मासळी उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. परतताना बैल कांदे, गूळ घेऊन येत.

ताजी मासळी दुसऱ्या दिवशी नासते. वाळवलेली मासळी पावसाळा काढते. आजही आपल्या घरांत पावसाळ्यापूर्वी सुकट, बोंबील, सोडे यांची बेगमी होते. समुद्रावर जाणारे पुरुष. परंतु मासळी निवडणे, वाळवणे, विकणे हे काम मुख्यतः स्त्रियांचे. त्यामुळे घरातील थोडा पैसा त्यांच्या हाती राहत असे.

हीच गोष्ट मालदीवच्या मुस्लिम बेटांवर मोठ्या प्रमाणात दिसते. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता १३४३ साली तेथे पोहोचला व काही काळ काझी होता. तेथील मासळी उकडून, धुरावर सुकवून हिंदुस्थान, चीन व येमेनला जाते, असे त्याने नमूद केले आहे. पुढे सिलोन हे तिचे मोठे गिऱ्हाईक झाले. १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मात्र परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने ही आयात घटवली. त्याच सुमारास जपानी जहाजे ताजी मासळी समुद्रावरच विकत घेऊ लागली. पुरुषांना तेथल्या तेथे पैसा मिळाला. पण मासळी उकडणाऱ्या व सुकवणाऱ्या असंख्य स्त्रियांचे काम गेले.

आपल्या किनाऱ्यावरही बर्फ, यांत्रिक नौका व मोटाररस्ते आले. ताज्या मासळीला मुंबईचा भाव मिळू लागला. कोळंबी गोठवून परदेशी जाऊ लागली, तेव्हा सोडे करणाऱ्या हातांचे काम घटले.

नव्या धंद्याला विरोध करावा, असा याचा अर्थ नाही. परंतु मिळकत किती वाढली, एवढेच पाहून भागत नाही. ती कोणाच्या हाती गेली, हेही पाहावे लागते. धंद्याची रीत बदलली की हातचे कसब एका पिढीत निरुपयोगी ठरू शकते. ज्या मुलीला हिशेब, बँकेचे व्यवहार व सहकारी संस्थेचे नियम कळतात, ती नव्या धंद्यातही आपली जागा मागू शकते. म्हणून पालकांना विनंती आहे की, मुलींचे शिक्षण मध्येच थांबवू नये.