तरणतलाव असलेलं भाड्याचं घर

‘तरणतलाव, लिफ्ट, पार्किंगसह फ्लॅट भाड्याने देणे आहे. कंपनी लीजला प्राधान्य.’ पुण्या-मुंबईच्या छोट्या जाहिरातींतला हा मजकूर मारेगावच्या वाचकालाही आता परका नाही. घरोघरची मुलं नोकरीसाठी तिकडे गेली आहेत. पण एवढं महागाचं घर मालक अनोळखी माणसाच्या हाती कसं देतो? आणि त्याला कंपनीच का हवी असते? याचं उत्तर भाड्याच्या कायद्यांच्या इतिहासात आहे.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९३०-४०च्या दशकांत देखण्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा सधन कुटुंबंही भाड्यानंच राहत. इमारत एका मालकाची असे. एकेक फ्लॅट विकण्याची पद्धत अजून रुळायची होती. पोहण्याचा तलाव घराच्या आवारात नसे. तो क्लबात, नाहीतर ब्रीच कँडीला. आणि तिथला तलाव इंग्रजी अमदानीत युरोपियनांसाठी राखीव होता.

मुंबईत भाडेनियंत्रण आलं ते १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. पुढे १९४७च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४०चं भाडं हेच ‘प्रमाण भाडं’ ठरवलं. घरटंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, हा हेतू योग्यच होता. पण भाडं गोठलं आणि महागाई वाढत गेली. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना. ‘पगडी’ फोफावली. बांधकाम करणारे घरं भाड्यानं देण्याऐवजी विकू लागले. त्या व्यवहारांसाठी १९६३ साली मालकी फ्लॅटचा कायदा करावा लागला.

मालकांनी मग ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट धरली. म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसती राहण्याची परवानगी. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीवर राहत असलेल्यांनाही कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण दिलं. झालं! ‘एकदा शिरलेला माणूस निघत नाही’ ही धास्ती पक्की झाली. रिकामं घर कुलपात ठेवणं मालकांना बरं वाटू लागलं.

आपल्या वऱ्हाडाची कथा थोडी निराळी. इथे मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९चा भाडेनियंत्रण आदेश होता. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय मालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. घर रिकामं झालं की त्याची खबर सरकारला द्यायची आणि सरकार ते एखाद्या सरकारी नोकराला देववू शके.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबई कायद्यातल्या गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत, असा निर्वाळा दिला. ३१ मार्च २०००पासून मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांसाठी एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. एक कोटी किंवा अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांना तर भाडेकरूचं संरक्षणच उरलं नाही. जाहिरातीतल्या ‘कंपनी लीज’चं इंगित हे असं आहे! मालकाची भीती गेली, कुलपं निघाली आणि तलाव असलेली घरंही भाड्याच्या बाजारात आली.

भीती गेली, तशी मुलांची जबाबदारी मात्र वाढली. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज अजून सर्रास आढळतो. नोंदणीच्या जुन्या कायद्यात एका वर्षापुढच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, त्यातून तो आला. महाराष्ट्रात २०००पासून प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ही जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. सोसायटीनं भाड्यानं दिलेल्या घरावर लावायचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा सरकारी आदेश २००१चा आहे. ते कोण भरणार आणि तलावाचा वापर भाड्यात धरला आहे की नाही, हे करारात लिहून घ्यावं.

पूर्वीचा कायदा भाडेकरूला घरात टिकवून धरत असे. आजचा कायदा त्याला ठरलेल्या तारखेला बाहेर पडायला सांगतो. म्हणून अनामत रक्कम देण्याआधी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, मग तलाव पाहायला जावं.