खर्चाचा हिशेब आणि ‘स्मृतिचित्रे’

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या गावी आम्ही मराठी शिकवतो. वर्गात ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, कुणबी, आगरी अशा घरांतील मुले-मुली असतात; पुष्कळांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी बोलत असताना मुरबाडच्या वर्गातील एका मुलीने विचारले, “सर, टिळकांनी धर्म बदलण्याआधी घरात विचारलं होतं का?” आम्ही तेव्हा जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकी होते. कवीचा पिंड, सत्याची ओढ, अंतःकरणाची हाक वगैरे. मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. पुढील लेखन हे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. एखाद्याला बुरूज बांधायचा असेल तर तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेईल. नाहीतर पाया घालून झाल्यावर काम अडेल आणि येणारेजाणारे हसतील. शिष्य होऊ इच्छिणाऱ्याने असाच हिशेब आधी करावा, असा त्याचा रोख. ख्रिस्ती प्रवचनांतून हा दृष्टान्त फार सांगितला जातो. परंतु त्याच्या दोनच वचने आधी येशूने ज्यांची ओढ सोडावी लागेल त्यांची यादी दिली आहे. बाप, आई, पत्नी, मुले, भाऊ, बहिणी आणि स्वतःचा जीव. हे दोन्ही भाग जोडून वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. या हिशेबात पत्नी ही खर्चाची बाब आहे. हिशेबाला बसणाऱ्यांत ती नाही.

मराठी मुलखात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात प्रवचनापुरता राहिला नाही. तो थेट कचेरीत गेला. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. मुलगा अजाण, म्हणून बापाने सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. येथे गोष्ट संपायला हवी होती. पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या, त्यांच्याकडे जेवलेल्या या पोराला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पक्ष उचलला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ‘दर्पण’कार म्हणून आपण बाळशास्त्र्यांचे नाव परीक्षेपुरते सांगतो, त्यांच्या धैर्याचा हा प्रसंग मात्र सहसा सांगत नाही. थोरल्या भावाच्या श्रद्धेची किंमत एका पोराने, त्याच्या बापाने आणि तिसऱ्याच एका विद्वानाने मोजली. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. इतिहासात नाव त्यांचे राहिले.

सरकारनेही या खर्चाचा आपल्या परीने हिशेब मांडला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सुटल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही असे ठरले. म्हणजे जमीनजुमल्याचा प्रश्न मिटला, निदान कागदावर. उरला संसाराचा. १८६६ साली आणखी एक कायदा आला. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे पत्नीने (वा पतीने) सोडले तर कोर्टाकडे अर्ज करून तो विवाह मोडता येई. अर्जानंतर दुसऱ्या बाजूला कोर्टात बोलावून विचारले जाई, तू नांदायला तयार आहेस की नाही, नसशील तर कारण धर्म हेच का. आणि विचार करायला मुदतही दिली जाई. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न एका परकीय सरकारच्या कायद्याने विचारला होता, ही गंमत नव्हे तर जरा शरमेची बाब आहे. मात्र तोही विचारला गेला तो सगळे होऊन गेल्यावर.

बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला. त्यांची पहिली पत्नी त्यांच्यामागे आली नाही. आपल्याला ते ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) लेखक म्हणून, विधवांच्या दुःखाचे पहिले कादंबरीकार म्हणून ठाऊक आहेत. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या मनाची घालमेल बारकाईने नोंदवली आहे. ती वाचताना आम्हांला नेहमी वाटते की बेळगावच्या त्या घरातील स्त्रीनेही काही लिहिले असते तर! काशीला वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती झाले. त्यांची पत्नी पुढे त्यांच्याकडे आली खरी, पण १८५३ मध्ये एक तान्ही मुलगी मागे ठेवून वारली. ती मुलगी, एलन लक्ष्मी गोऱ्हे, परक्या इंग्रज कुटुंबांत वाढली आणि पुढे इंग्रजी स्तोत्रे लिहू लागली. म्हणजे एका पिढीच्या निर्णयात पुढच्या पिढीची भाषाही गेली.

आता टिळकांकडे येऊ. नारायण वामन टिळक १८६१ साली करजगावी जन्मले, आणि लहानपणी, १८६९ ते १८७३ या काळात, कल्याणला शिकले. आमच्या दोन्ही तालुक्यांचा बाजारहाट अजूनही ज्या कल्याणशी बांधलेला आहे तेच हे कल्याण. १८८० साली त्यांचे लग्न जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाले. तीच पुढे लक्ष्मीबाई. तिच्या माहेरी सोवळ्याचे वेड होते आणि त्या वेडाला कारण होते. सत्तावनच्या धामधुमीत तिच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने विटाळाची जी धास्ती घेतली ती घरादाराला पुरून उरली. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत सांगितले आहे. पण धर्म म्हणजे घरातल्या बायकांनी, पोरींनी वाहायचे पाणी, हे ती मुलगी लग्नाच्या आधीच शिकली होती हे विसरून चालणार नाही.

टिळक शिक्षक, पुराणिक, छापखान्यात जुळारी असे नाना उद्योग करीत नागपूरला पोचले. रेल्वेच्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याची गाठ पडली, त्याने बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी तेव्हाही शहापूरजवळच्या आसनगाववरून कसाऱ्याचा घाट चढत असे, आजही चढते. ती बातमी जलालपूरला पोचायची तर आमच्या शेतांच्या कडेने जाणाऱ्या याच रुळांवरून. हे मनात आले की पुस्तकातली घटना एकदम जवळ येते.

लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतले गेले नव्हते. मुलगा दत्तू जेमतेम तीन-चार वर्षांचा. नवरा जिवंत आहे पण आपला नाही, कुंकू आहे पण संसार नाही, अशी जी अवस्था त्यांच्या वाट्याला आली तिला आपल्या समाजात नावच नव्हते. विधवेला निदान नाव होते, विधी होते, कोपरा होता. नातलगांच्या आधाराने चार-साडेचार वर्षे त्यांनी अशी काढली. टिळकांनी १८६६ च्या कायद्याची वाट धरली नाही, ही त्यांच्या बाजूने मांडायची गोष्ट. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. भक्त म्हणून त्यांनी घाई केली असेल. नवरा म्हणून नंतर तरी केली नाही.

यापुढचा भाग आम्हांला संपूर्ण मराठी गद्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) टिळकांकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. नंतर एकेक गोष्ट सुटत गेली. जात माणसाने केली असेल तर ती कशासाठी पाळायची, हा विचार राहुरीत त्यांचा त्यांनाच सुचला आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी प्याल्या. कोणा शास्त्र्याचा वाद नाही, कोणा पाद्र्याचे प्रवचन नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी जो हिशेब ग्रंथ वाचून, वाद घालून, एका झपाट्यात पुरा केला तो त्यांनी घागर, चूल आणि ताट यांवर पैपैने केला. दोघांचे उत्तर एक आले म्हणून रीतही एकच होती असे समजू नये.

जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ची येथे आठवण होते. हरि केशवजींनी ते पुस्तक १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणले, आणि मराठी कादंबरीच्या पूर्वपीठिकेत त्याचा उल्लेख आपण करतोच. त्यातला नायक यात्रेला निघतो तेव्हा बायकामुले हाका मारीत असतात आणि तो कानांत बोटे घालून पळतो. बन्यनने पहिला भाग १६७८ मध्ये छापला. त्यालाही काही चुकल्यासारखे वाटले असावे, कारण १६८४ मध्ये त्याने दुसरा भाग लिहिला, मागे राहिलेल्या पत्नीच्या यात्रेचा. पण तो लिहिला बन्यननेच. मराठीत तो दुसरा भाग पत्नीने स्वतः लिहिला. १९३४ पासून भागाभागाने निघालेली ‘स्मृतिचित्रे’ आम्ही आता या अर्थानेही वाचतो.

हा दोष ख्रिस्ती धर्माच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांना आळंदीची आठवण करून द्यावीशी वाटते. परंपरा सांगते की विठ्ठलपंत रुक्मिणीबाईंच्या खऱ्या संमतीवाचून काशीला जाऊन संन्यासी झाले. गुरूला सत्य कळले तेव्हा त्याने त्यांना घरी परत पाठवले. त्याची किंमत चार लेकरांनी ‘संन्याशाची पोरे’ म्हणून मोजली. तुकोबांच्या घरातील जिजाईला तर आपण कीर्तनात कजाग म्हणून हसण्यावारी नेतो. घरात दाणा नसताना तिने काय करायचे होते, हे कीर्तनकार सांगत नाहीत. विठ्ठलपंतांच्या गुरूचा प्रश्न आणि मुरबाडच्या मुलीचा प्रश्न एकच आहे.

आणखी एक खर्च आहे, तो टिळकांच्या चरित्रात मावत नाही. नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत फार मोठी संख्या महार आणि मांग समाजांतील माणसांची होती. ब्राह्मणाने धर्म सोडला की आपण त्याने काय गमावले ते मोजतो. दलिताने सोडला की काय मिळवले ते मोजतो, आणि भाकरीसाठी बाटला असा शिक्का मारतो. हा भेद इतिहासलेखनात अजून मुरलेला आहे, आमच्याही शिकवण्यात होता. स्वातंत्र्यानंतर त्यात राज्यसंस्थेची भर पडली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र अद्याप बाहेर आहेत. तेव्हा सवलत सोडून राहणे किंवा श्रद्धा कागदावर न आणणे, असा हिशेब तिथे घरोघरी करावा लागतो. त्या घरांतील स्मृतिचित्रे आमच्या अभ्यासक्रमात आजवर आलेली नाहीत.

टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांकडे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. १९०४ साली ते पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते, त्यांची भजने चर्चमध्ये रुळली होती. असे असता १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात येशूला गुरू मानणाऱ्या कोणालाही जागा होती. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. समीक्षक याला टिळकांचे भारतीयीकरण म्हणतात. ते आहेच. पण आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते. ज्या एका विधीपायी घर साडेचार वर्षे दुभंगले तो विधी त्यांनी आपल्या दरबाराच्या दारावरून काढून घेतला. त्यांनी हा संबंध कुठे स्वतः जोडला असे आम्ही म्हणत नाही. बावीस वर्षांपूर्वी असा दरबार असता तर जलालपूरची लेक त्यात नवऱ्याशेजारी, आपले सोवळे सांभाळून, बसली असती की काय, एवढे मात्र मनात येते.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. १९०९ साली सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या लक्ष्मीबाईंना आरंभी कोणी विचारले नव्हते, ज्यांनी लिहावाचायला नवऱ्याच्या घरी शिकून घेतले, त्यांनी स्वतःचे ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केले. पुढच्या तासाला आम्ही मुरबाडच्या त्या मुलीला हे सांगितले. ती म्हणाली, “सर, म्हणजे बुरूज बाईंनी बांधला.” आणि वहीत अध्यायांचा आकडा लिहून घेतला.